जुन्या नावेचे पहिले पाणी
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



संस्थेच्या कार्यकारी मंडळाने आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपलीकडे आमची पदवी नाही. सारा जन्म प्राथमिक शाळेत पाढे व बाराखडी शिकविण्यात गेला. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण आमच्याकडून करू नये. जे हातांनी केले व डोळ्यांनी पाहिले तेवढेच आपल्यापुढे ठेवावे, असा आमचा संकल्प आहे.

आपणांपैकी पुष्कळांच्या कानी आले असेलच, की आम्ही चार सेवानिवृत्त स्नेह्यांनी मिळून एक जुना शिडाचा मचवा विकत घेतला आणि गेल्या माघ महिन्यात वाघोटणच्या खाडीत तो प्रथम पाण्यावर नेला. "गुरुजींना म्हातारपणी हे काय सुचले?" असा प्रश्न अनेकांनी विचारला. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच आजचे व्याख्यान होय. आपल्या समाजाचे आणि शिडाचे नाते काय होते, जुनी नाव पाण्यात घालण्यापूर्वी काय करावे लागते, त्या दिवशी खाडीत काय घडले, आणि यातून आपल्या ज्ञातीने काय घ्यावे, अशा चार भागांत आम्ही विषय मांडणार आहोत.

आपला समाज दर्यावर्दी आहे, हे प्रत्येक संमेलनात सांगितले जाते. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. त्या आरमाराची वल्ही व शिडे आपल्यासारख्याच किनाऱ्यावरील लोकांच्या हाती होती. कान्होजी आंग्रे यांच्या काळी परकीयांच्या जहाजांना या किनाऱ्याचा धाक होता. १७५६ साली इंग्रज आणि पेशवे यांच्या संयुक्त मोहिमेत विजयदुर्ग पडला आणि तुळाजी आंग्रे यांचे आरमार अग्नीच्या भक्ष्यस्थानी पडले. पुढे त्याच विजयदुर्गावर पेशव्यांच्या आरमाराची सूत्रे आनंदराव धुळप यांनी सांभाळली. किल्ल्यापासून जवळच, गिर्ये गावाच्या हद्दीत, खडक कोरून तयार केलेली जहाजांची गोदी आजही पाहावयास मिळते. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांनी मुलाबाळांसह अवश्य पाहावी. ग्रंथ वाचून जे कळत नाही ते त्या खडकाजवळ क्षणभर उभे राहिल्याने कळते.

परंतु बंधूंनो, लढाया हा दर्यावर्दी जीवनाचा लहानसा भाग होय. मोठा भाग होता तो रोजच्या व्यापाराचा व मासेमारीचा. मंगलोरी कौले, मीठ, तांदूळ, नारळ, लाकूड यांची ने-आण फत्तेमाऱ्या व पडाव करीत असत. आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे त्यांवर तांडेल वा खलाशी होते. दिवाळीनंतर वारा स्थिर झाला की गलबते निघावयाची आणि पावसाळ्याच्या तोंडाशी किनाऱ्यास लागावयाची. स्वातंत्र्यानंतर नावांना यंत्रे बसू लागली, सडका झाल्या, मालमोटारी आल्या आणि शिडाचे काम संपत गेले. यंत्राची निंदा करण्यास आम्ही येथे उभे नाही. यंत्रामुळे वादळाच्या आधी घर गाठता येऊ लागले. वल्हे मारून खांदे निकामी झालेली माणसे आम्ही लहानपणी पाहिली आहेत. त्यांना यंत्राचे मोल विचारावे. मात्र ज्या घरात शिडाचे चाळीस-पन्नास शब्द नित्य बोलले जात, त्याच घरातील मुलास आज शीड म्हणजे बोधचिन्हावरील एक त्रिकोण वाटतो, हेही तितकेच खरे आहे. आपल्या संस्थेच्या पत्राच्या माथ्यावर गलबताचे चित्र आहे. ते गलबत चालविण्यास या सभागृहात किती जण समर्थ आहेत, हा प्रश्न आम्ही कोणास लज्जित करण्यासाठी विचारीत नाही. आमच्या मनात तो उद्भवला आणि त्यातूनच पुढील उद्योग घडला.

आमच्या वाडीतील एका ज्ञातिबांधवाचा सोळा हात लांबीचा सागवानी मचवा त्याच्या पश्चात सात वर्षे माडाच्या झापांखाली पडून होता. मुलगे मुंबईस नोकरीत. घरी वृद्ध आई एकटी. जळाऊ लाकडाच्या भावाने तो मोडून न्यावयास एक व्यापारी आल्याचे आम्हांस कळले. आम्ही चौघे त्या माउलीकडे गेलो. तिने पैशासंबंधी फारशी घासाघीस केली नाही. दोनच अटी घातल्या, त्या तिच्याच बोलीत सांगतो: "गुरुजी, तिचा नाव बदलू नकात, आणि तिका चुलीत घालू नकात." आम्ही दोन्ही मान्य केल्या.

व्यवहार झाल्याचे कळताच आक्षेप सुरू झाले. ते तीन प्रकारचे होते. पहिला, हा पैसा गरीब विद्यार्थ्यांस द्यावयाचा होता. दुसरा, म्हाताऱ्यांनी जुन्या लाकडावर जीव धोक्यात घालू नये. तिसरा, या विद्येचा आजच्या मुलांस उपयोग काय? पहिल्याचे उत्तर सोपे होते: पैसा आमच्या निवृत्तिवेतनातील होता, विद्यार्थिनिधीतील एक पैही त्यात नव्हती. दुसरा आक्षेप आम्ही शिरसावंद्य मानला, आणि म्हणूनच दोन महिने तयारीत घालविले. तिसऱ्याचे उत्तर द्यावयास मात्र नाव पाण्यात जावी लागली.

आता तयारीविषयी सांगतो. येथे आम्ही जरा विस्तार करू, कारण उद्या आपल्यापैकी कोणी असे साहस करू लागला तर हे त्याच्या उपयोगी पडेल.

सात वर्षे कोरड्या जागी राहिलेली नाव वरून जितकी धड दिसते तितकी असत नाही. सागवानास समुद्र सहसा मारीत नाही. त्याचे खरे वैरी पावसाचे साचलेले पाणी व वाळवी. म्हणून प्रथम टोकदार टोचा घेऊन पठाणापासून काठापर्यंत फळी न् फळी टोचून पाहिली. जेथे टोचा अडतो तेथे लाकूड सजीव; जेथे लोण्यात जावा तसा आत शिरतो तेथे फळी बदलावी लागते. अशा दोन फळ्या व नाळेजवळची एक बरगडी निकामी निघाली. खिळे गंजून त्यांभोवतीचे लाकूड काळे पडले होते, ते खिळे काढून नवे मारले. फटींत कापसाच्या वाती ठोकून वर राळ व तेल यांचे मिश्रण भरले. डोलकाठी उंडीची होती. ती ठोकून पाहता आवाज खणखणीत आला, म्हणून ठेवली. दोर मात्र एकही जुना ठेवला नाही. दोर बाहेरून शाबूत दिसला तरी आतून कुजलेला असू शकतो, आणि दोराची परीक्षा दुर्दैवाने ऐन वाऱ्यातच होते. शीडही जुने कापड टाकून नवे शिवून घेतले.

या कामी कोणाकोणाचे हात लागले ते मुद्दाम सांगतो. फळ्या बसविल्या त्या सुतार बंधूंनी. फटी भरण्याची कला जाणणारा एकच कारागीर आसपास उरला होता. तो दालदी समाजातील एक वृद्ध गृहस्थ. शीड शिवून दिले बाजारपेठेतील शिंप्याने. लोखंडी कड्या घडविल्या लोहाराने. आपण ज्ञातीच्या व्यासपीठावर उभे राहून समुद्र आपलाच आहे असे म्हणतो; पण एक नाव तरंगावयास पाच ज्ञातींचे हात लागतात, हे त्या दोन महिन्यांत आम्ही प्रत्यक्ष पाहिले. ज्ञातिसंस्थेने आपल्या माणसांस धरून राहावे, यात वावगे काही नाही. मात्र धरून राहणे म्हणजे दार लावून घेणे नव्हे.

सर्व डागडुजी झाल्यावरही नाव लगेच शीड लावून नेऊ नये. सुकलेले लाकूड आकसलेले असते, त्यामुळे फटी पूर्ण मिटत नाहीत. आठ दिवस आम्ही ती काठालगतच्या उथळ पाण्यात बांधून ठेवली. पहिल्या रात्री ती अर्धी भरली आणि वाडीतील टीकाकारांस मोठा आनंद झाला. दुसऱ्या दिवशी उपसली, पुन्हा भरली, पण कमी. लाकूड पाणी पिऊन फुगते व फटी आपोआप आवळत जातात. आठव्या दिवशी सकाळी तळाशी चार बोटे पाणी होते. "आता तहान भागली तिची," असे वाडीतील वृद्ध तांडेल म्हणाले, तेव्हा आम्हांस धीर आला. त्यानंतर समतोलासाठी तळाशी दगडांचे नीरम घातले. ते हलू नये म्हणून फळ्यांनी अडकविले. नोंदणीचे कागद पुरे केले. प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट घेतले, दोन वल्ही, नांगर, जादा दोर, पाणी उपसावयाचे दोन डबे आणि पिण्याच्या पाण्याची कळशी ठेवली.

तांडेलांचा उल्लेख आला, तेव्हा त्यांच्याविषयी दोन शब्द. वय ब्याऐंशी. तरुणपणी शिडाच्या गलबतावर मलबारापर्यंत फेऱ्या केलेल्या. आता दोन्ही डोळ्यांनी अंधूक दिसते. आमच्या पंचक्रोशीत शिडाची नाव स्वतः चालविलेले तेवढे एकच गृहस्थ उरले आहेत. दुसऱ्या कोणास विचारावे, तर "बाबा करायचे, आम्ही पाहिले आहे" एवढेच उत्तर मिळते. पाहिलेले व केलेले यांत किती अंतर असते, हे आम्हां शिक्षकांस कोणी सांगावयास नको.

दिवस कोणता धरावा यावर चर्चा झाली. आमच्यातील एक धर्मनिष्ठ स्नेही म्हणाले, माघ वद्य एकादशी धरावी, ती विजया एकादशी, आणि स्थळ विजयदुर्ग. याहून उत्तम योग तो कोणता? तांडेलांनी बोटांवर हिशेब केला आणि तेही एकादशीच म्हणाले. पण त्यांचे कारण निराळे होते. ते बालमित्रांनी नीट ऐकावे, कारण यात गणित आहे. भरतीची वेळ काढण्याची आपली जुनी रीत अशी, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. एकादशीस अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती. मुंबईच्या बाजूस हा हिशेब बराचसा जुळतो. आमच्याकडे दक्षिणेस भरती त्याच्या थोडी आधी येते. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. शिवाय अमावास्या-पौर्णिमेस उधाण येते, तर अष्टमीनंतरच्या दिवसांत भरती-ओहोटीतील अंतर कमी असते व पाण्याची ओढ मवाळ असते. जुन्या नावेच्या पहिल्या फेरीस मवाळ पाणीच हवे.

आता त्यास वाऱ्याची जोड द्या. हिवाळ्यात व त्यानंतर काही दिवस पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो, तो मतलई वारा. सूर्य वर आला की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा आत येतो. म्हणजे एकादशीस सकाळी ओहोटी व मतलई दोन्ही नावेस खाडीच्या मुखाकडे नेणार. दुपारी भरती व खारा वारा दोन्ही तीस घरी आणणार. जाताना निसर्ग ढकलतो, येताना निसर्गच ओढतो. धर्मनिष्ठ स्नेह्यांचे पंचांग व तांडेलांचे पंचांग एकाच तिथीवर येऊन थांबले, हे पाहून आम्हांस फार संतोष वाटला.

स्थळही विचारपूर्वक निवडले होते. आपल्या पुष्कळ खाड्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो व त्यावर लाटा फुटतात. विजयदुर्गाचे बंदर या दोषापासून मुक्त आहे. पाणी खोल, आडोसा उत्तम. नवशिक्यांस याहून चांगली शाळा मिळणे कठीण.

नावेत आम्ही चौघे, तांडेल, दोन तरुण आणि इयत्ता दहावीतील एक विद्यार्थिनी असे आठ जण होतो. त्या मुलीस नेण्यास वाडीतील काही वडीलधाऱ्यांचा विरोध होता. बाईमाणसाने होडीत पाऊल ठेवू नये, अशी समजूत. ती पोहण्यात सर्वांहून तरबेज, आणि दोन महिने फटी भरण्यापासून दोर वळण्यापर्यंत प्रत्येक कामात हजर. तिच्या आजीनेच शेवटी निकाल दिला, की नाव बाईच्या जातीची, तिला बाईचा विटाळ कसला? भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून २०१७ च्या सप्टेंबरात गोव्याहून निघून, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून, २०१८ च्या मे महिन्यात गोव्यासच परत पाऊल ठेवले. जगाला वळसा घालता येतो, मग वाघोटणच्या खाडीत काय आडवे आले?

नारळ वाढविला, नाळेस हळदकुंकू लावले आणि साडेसातच्या सुमारास, पाणी उतरू लागताच दोर सोडला. प्रथम वल्ह्यांनी काठापासून दूर नेली. तळाशी कोठे पाणी येते ते पाहण्यास एक तरुण वाकून बसला. दोन ठिकाणी पाझर होता. तासाला दोन-तीन डबे उपसावे लागत. एवढे चालण्यासारखे, असे तांडेलांनी ठरविले, आणि मग शीड चढविण्याची आज्ञा दिली. त्रिकोणी शीड आपल्या काठीसह वर सरकत गेले, क्षणभर फडफडले आणि खालच्या कोपऱ्याचा दोर ओढताच भरले. नाव किंचित कलली, आणि वल्ह्यांचा आवाज थांबल्यावर तळाखालून जाणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. तोपर्यंत आम्ही सर्व बोलत होतो. नंतर बराच वेळ कोणी बोलले नाही.

पहिला तासभर आम्ही मुखाबाहेर जाण्याचा विचारही केला नाही. खाडीच्या रुंद भागात वळणे घेऊन पाहिली. वाऱ्याच्या थेट तोंडावर कोणतेही शीड जाऊ शकत नाही. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असे नागमोडी जावे लागते. प्रत्येक वळणास शिडाची काठी डोलकाठीच्या एका बाजूकडून दुसरीकडे न्यावयाची, दोर सोडावयाचा व धरावयाचा, आणि सुकाणू त्याच क्षणी फिरवावयाचे. चार माणसांनी एका श्वासात करावयाचे हे काम. पहिल्या वेळी नाव वाऱ्यात उभीच राहिली. तिसऱ्या वेळी वळली. सातव्या-आठव्या वेळी तांडेलांस आज्ञा करावी लागली नाही. शाळेत आम्ही एकीवर निबंध लिहून घेत असू. त्या सर्व निबंधांत नाही ते या एका वळणात आहे.

तांडेल सुकाणूजवळ बसले होते, पण सुकाणू त्यांनी हाती घेतले नाही. त्या मुलीच्या हाती दिले. ती सारखी शिडाकडे पाहत होती. ते म्हणाले, "बाय, वारो डोळ्यांनी दिसणा नाय, तो गालाक कळता." त्यांनी तिला डोळे मिटावयास सांगितले. थोड्या वेळाने वारा जरा उत्तरेकडे सरकला, आणि आम्हां डोळसांस काही कळण्यापूर्वी डोळे मिटलेल्या त्या मुलीने व जवळजवळ दृष्टिहीन अशा त्या वृद्धाने एकाच वेळी मान वळविली. शिक्षण म्हणजे काय, यावर आम्ही अनेक व्याख्याने ऐकली आहेत. इतके स्पष्ट उदाहरण पाहिले नव्हते.

किल्ल्याच्या तटाखाली आडोशास नांगर टाकून आम्ही फराळ केला. एकादशी असल्याने उकडलेली रताळी, शेंगदाणे, केळी व राजगिऱ्याचे लाडू. दुपारी दीडच्या सुमारास पाणी फिरले. तत्पूर्वीच वायव्येकडून खारा वारा सुरू झाला होता. परतीस निघालो, आणि किल्ल्याचा आडोसा संपतो तेथे तो प्रसंग घडला. तटामुळे अडलेला वारा एकदम मोकळा होऊन आडवा आला. नाव कलली, काठ पाण्यास टेकतो की काय असे वाटले. अशा वेळी माणूस स्वभावतः उठतो व जवळच्याचा हात धरतो. तांडेलांचा आवाज आला, "बसल्यात थंयच बसा, कोणी हलू नकात! दोर सोडा!" ज्या तरुणाच्या हाती शिडाचा दोर होता त्याने तो तत्क्षणी सोडला. शीड फडफडू लागले, त्यातील वारा निघून गेला आणि नाव उभी राहिली. हे सर्व पाच-सात श्वासांत झाले. दोर कडीला गाठ मारून बांधलेला नव्हता, हातात होता, म्हणून सोडता आला. सकाळी निघतानाच तांडेलांनी तीनदा बजावले होते, की शिडाचा दोर कधी बांधून ठेवू नये.

बंधुभगिनींनो, "बसल्यात थंयच बसा" या शब्दांची किंमत या किनाऱ्याने फार मोठी मोजली आहे. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आले असता, मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट खवळलेल्या समुद्रात उलटली व सहाशेहून अधिक माणसे दगावली. भर पावसाळ्याचा समुद्र, नावेत शिरलेले पाणी आणि भीतीने एका बाजूस लोटलेला जमाव, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे मोठी आगबोटही वाचत नाही. म्हणून शिडाचे कौतुक करीत असता आम्ही हेही बजावून सांगतो, की पावसाळ्यात कदापि नाही, लाइफ जॅकेटवाचून नाही, आणि ज्यास पोहता येत नाही त्याने काठावरूनच पाहावे. समुद्रावर प्रेम करणाऱ्याने त्याची भीती बाळगणे हा भेकडपणा नव्हे, ती त्याची मर्यादा राखणे होय.

त्यानंतर खाऱ्या वाऱ्याने आम्हांस सुखरूप काठास आणले. ती वृद्ध माउली धक्क्यावर उभी होती. तिने शीड उतरविलेले पाहिले, नाळेवर हात ठेवला, आणि "पाणी किती घेतल्यान?" एवढेच विचारले. सकाळच्या मानाने निम्मे, असे आम्ही सांगितले. तेव्हा ती हसली.

आता तिसऱ्या आक्षेपाकडे वळू. उपयोग काय? जुन्या नावेपासून काय होते याची साक्ष जगाच्या इतिहासात आहे. जोशुआ स्लोकम हा कप्तान. आगबोटींच्या युगात शिडाच्या जहाजांचे दिवस सरले व त्यास काम राहिले नाही. अमेरिकेतील फेअरहेवन गावी शेतात टेकू देऊन ठेवलेली 'स्प्रे' नावाची एक जीर्ण नाव त्यास मिळाली. तेरा महिने खपून त्याने ती फळी फळी करून नवी केली. १८९५ च्या एप्रिलमध्ये बोस्टनहून तो एकटाच निघाला व १८९८ च्या जूनमध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला. एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा तो पहिला पुरुष. तोच स्लोकम १९०९ साली त्याच नावेतून निघाला तो परत आला नाही, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

आपल्या देशातही ही विद्या मृत नाही. दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. अजिंठ्याच्या चित्रातील जहाजावरून, खिळ्यांवाचून, काथ्याच्या दोराने फळ्या शिवून तयार केलेले 'कौंडिण्य' हे जहाज २०२५ च्या मे महिन्यात कारवार येथे नौदलात दाखल झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते पोरबंदराहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये शिडांच्या बळावर मस्कतला पोहोचले. ज्या विद्येस आपण वाडीत जळाऊ लाकडाचा भाव लावतो, तीच विद्या राष्ट्राने सन्मानाने पुन्हा हाती घेतली आहे. फरक एवढाच, की त्यांना ती चित्रावरून शोधावी लागली. आपल्याकडे ती अजून एका माणसाच्या गालावर जिवंत आहे.

आणि उपयोग केवळ कीर्तीचा नव्हे. नौदल, व्यापारी जहाजे, बंदरे, तटरक्षण, हवामान, यांत नोकरीस जाणाऱ्या आपल्या मुलांस वारा, पाणी व तिथी यांचे ज्ञान बालपणीच झाले तर त्यांचे पाऊल इतरांच्या पुढे पडेल. जी मुले डॉक्टर वा अभियंते होतील त्यांनाही "एका श्वासात वळण" व "जागच्या जागी बसणे" हे दोन धडे जन्मभर पुरतील.

अध्यक्षमहाराज, आता संस्थेपुढे आमच्या चार नम्र सूचना. पहिली: विद्यार्थिनिधी आहे तसाच राहावा, त्यास हात लावू नये. दुसरी: आपापल्या वाडीत पडून असलेल्या जुन्या नावा, डोलकाठ्या, सुकाणू, नांगर यांची यादी प्रत्येक शाखेने करावी, विकण्यापूर्वी संस्थेस एक पत्र टाकावे. तिसरी: सत्तरीपुढील प्रत्येक दर्यावर्दी ज्ञातिबांधवाकडे एका शिकलेल्या मुलाने वही घेऊन बसावे आणि वाऱ्यांची नावे, नावेच्या अवयवांची नावे, खाडीतील खडकांच्या खुणा उतरून घ्याव्यात. चौथी: येत्या हिवाळ्यात पोहता येणारे दहा मुलगे व मुली आमच्या मचव्यावर पाठवाव्यात. ज्ञातीबाहेरील मूल आले तरी आम्ही परत पाठविणार नाही. खर्च आम्ही चौघे सोसू.

तिसरी सूचना सर्वांत निकडीची आहे, आणि तिचे कारण सांगून आम्ही थांबतो. सागवान पुन्हा मिळेल, शीड पुन्हा शिवता येईल, डोलकाठीस नवी उंडी तोडता येईल. पण ब्याऐंशी वर्षांचे तांडेल बाजारात मिळत नाहीत. नाव सात वर्षे झापांखाली वाट पाहू शकली. त्यांच्याने तेवढी वाट पाहवणार नाही. येथील प्रत्येक तरुणाने या संमेलनातून घरी जाताना वाटेत एक वही विकत घ्यावी आणि परवा सकाळी आपल्या आजोबांपुढे उघडावी, एवढे मागणे मागतो.